मोत्याची गोळी आणि आमचा श्रावण

मंडळी, ऐका.

आज सकाळी आमच्या मोत्याला कितीतरी महिन्यांनी पुन्हा फिट आली. पळसदरीच्या आमच्या अंगणात कुत्रा आडवा पडून पाय झाडतोय, तोंडाला फेस, आणि आम्ही नुसते बघतोय. फिट थांबता थांबेना.

थांबली एकदाची. पण फिटची गोळी तर सासूबाई रोज देतात!

"दिली ना गं, दहीभातात घालून," त्या रडवेल्या झाल्या.

मोत्याचं गोणपाट झाडलं, तर खालून गोळ्या घरंगळल्या. एरवी आम्ही गोळी बोंबलाच्या तुकड्यात खुपसतो, तो गपकन गिळतो. श्रावण लागला, घरात मासळी बंद झाली. हा शहाणा भात चाटून गोळी थुंकत होता.

कर्जतच्या डॉक्टरांना फोन लावला. "नीट शुद्धीवर आला की नेहमीची एकच गोळी द्या, जास्त नको. आणि लगेच घेऊन या."

श्रावणात कांदा-लसूणसुद्धा न खाणारे सासरे कुंपणापाशी गेले. शेजारच्या मायाताईंना म्हणाले, "बोंबील हाय का गं एखादा? श्रावण माझा हाय, त्याचा नाय."

मोत्या नीट उठून बसल्यावर स्वतःच्या हाताने बोंबलातून गोळी भरवली, आम्हाला त्याला घेऊन कर्जतला धाडलं आणि मगच आंघोळीला गेले.

तुमच्याकडे औषध नुसतं दिलं जातं, की पोटात गेलेलं कुणी बघतं?