धवलारीण आत्याचा हट्ट

आमच्या आत्याला कोणी माइक दिला तर ती तो हातात घ्यायची, उलटसुलट करून बघायची आणि शेजारच्या बाईच्या मांडीवर ठेवून द्यायची. "ह्यो भोंगा ठेव तिकडं. मना गला दिलाय देवानं." मग ती गायला लागायची आणि मांडवाबाहेर गाड्या लावणाऱ्या पोरांनासुद्धा कळायचं की आत विधी सुरू झाले. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागतेच. ती नुसती गाणारी बाई नसते, गाऊन गाऊन लग्न लावणारी असते. हळद कधी लावायची, नवऱ्याने कुठे बसायचं, कोणी मधूनच उठायचं नाही, हे सगळं तिच्या हातात. बेलपाड्यापासून पार उरणच्या गावांपर्यंत आत्याला बोलावणी असायची. मोठमोठे बिल्डर झालेले आमचे गाववाले गळ्यात सोन्याचे साखळदंड घालून तिच्यापुढे गुमान बसायचे.

माझी आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. बाबांना वेणीसुद्धा घालता येत नव्हती. आत्या पनवेलला आली, माझं दप्तर उचललं आणि मला बेलपाड्याला घेऊन गेली. दहावीपर्यंत मी तिच्याकडेच वाढले. मला ताप आला की ती रागावायची. पडले, तरी आधी एक धपाटा आणि मग हळद. माया करायची तिची हीच रीत होती. मी लहानपणी काळोखाला घाबरायचे, पालीला घाबरायचे, आणि ती म्हणायची, "मी हाय ना? मंग?" त्यामुळे झालं काय, की आत्या असेपर्यंत आपल्याला काही होत नाही, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. चाळिशी ओलांडली तरी ते निघालं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ती मला पहिल्यांदा थकलेली दिसली. मी पनवेलच्या एका लॅबमध्ये रिसेप्शनला आहे. अठरा वर्षं लोकांच्या हातात डब्या देतेय आणि रिपोर्ट देतेय. आत्याला दम लागतो म्हणून मीच तिला बोलावून रक्त काढायला लावलं. हिमोग्लोबिन सात. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. आठवड्याने ती पुन्हा आली, काउंटरपाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "पोरी, त्या गोल्यांनी संडासला काली होतंय का गं?" मी हसले. म्हटलं, "होते आत्या, गोळ्यांनीच होते. काही घाबरायचं नाही." ती तरी उभीच राहिली. अजून काहीतरी विचारायचं होतं तिला. पण मागे रांग होती, मी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं आणि ती निघून गेली. त्या क्षणाची आठवण झाली की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. साठी उलटलेल्या बाईचं रक्त जातंय कुठे, हा प्रश्न मला पडायला नको होता?

वैशाखात एका हळदीला ती गाता गाता तीनदा उठली. आत्या! जिने आयुष्यात मांडवात कोणाला उठू दिलं नाही, ती. तिसऱ्यांदा मी मागोमाग गेले. न्हाणीत ती भिंतीला धरून उभी होती आणि खाली फरशीवर लाल पाणी वाहत होतं. "हे कधीपासून?" ती म्हणाली, "तुलशीचं लगीन झाल्यापासून." म्हणजे सहा महिने! अख्खा लग्नाचा हंगाम!

"कोणाला सांगितलं का नाहीस?" मी ओरडलेच.

"कोनाला सांगू? रगत जातंय बोलले तर बाया इचारतील कुठून. मी बोलेन संडासातून, त्या आयकतील का? बोलतील म्हातारीला या वयात अडचन आली. अडचनीतल्या बाईला देवाजवल कोन बसून देल? बावीस लग्ना घेतलीवती मी." मूळव्याध असेल म्हणून ती गावच्या एका बाईकडून पाला आणून वाटून प्यायची आणि लुगड्याच्या आत जुनी धडुती दुमडून लग्नं लावायची. गाताना आवाजात काही म्हणजे काही कळू दिलं नाही.

दुर्बिणीने तपासणी झाली. गुदाशयाचा कॅन्सर. कॅन्सरच्या दवाखान्यातली डॉक्टरबाई कॉलेजातली वाटावी अशी, पण समजावून सांगण्यात पटाईत. ती म्हणाली, आतड्याच्या अस्तरातल्या पेशी रोज झिजतात, रोज नव्या येतात. एखादी पेशी बिघडते आणि थांबायचं विसरते. आधी बारीक मस येतो. तो वर्षानुवर्षं निमूट वाढतो, त्याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. आत्याने मान डोलावली. "कललं. म्हंजी लग्नातला पावना. जेवन झालं तरी उठत नाय, आनी वर चार जनांना बोलावून पंगतीला बसवतंय." डॉक्टरबाई हसली. मला हसू आलं नाही. मस असतानाच काढला असता तर काय झालं असतं, हे मला विचारायचं होतं आणि उत्तर माहीत होतं.

मग प्रश्न सुरू झाले. तंबाखू? मिश्री लावते, लहानपणापासून. मटण? "हलदीला मटन नाय तर काय काकडी खावाची?" भाजीपाला? तोंड वाकडं. आणि शेवटी, "घरात अजून कोणाला पोटाचा कॅन्सर होता का?" आत्या म्हणाली, "बापूस पोट फुगून गेला आमचा. पन्नाशीबी नव्हती. भायेरचं हाय बोलून देवरुषी आनला होता." डॉक्टरबाईने पेन खाली ठेवलं. "तुम्हाला भाऊ आहे का? त्यांची दुर्बिणीची तपासणी करून घ्या. लवकर. आणि नंतर त्यांच्या मुलांचीही." मी शेजारीच बसले होते. आजोबा, आत्या, बाबा, मग मी. बोटं मोजावीत इतकं सरळ होतं ते.

आधी किरणं आणि केमोच्या गोळ्या झाल्या, मग ऑपरेशन. गाठ फारच खाली होती, त्यामुळे शौचाची वाट कायमची बंद करून पोटावर काढली आणि तिथे पिशवी लावली. पिशवी बदलायला मी शिकले. पहिल्या दिवशी मी नाकाला ओढणी लावली, तर म्हणते, "तुजं धुवाला मी कदी नाक मुरडलं होतं का?" पण तिला खरी धास्ती वेगळीच होती. जी बाई रक्त लपवून देवाजवळ बसली, ती ही पिशवी घेऊन बसणार कशी? दिवाळीनंतर एका घरचं बोलावणं आलं तेव्हा तिने नवरीच्या आईला घरात बोलावलं, दार लावलं आणि पदर बाजूला करून पोट दाखवलं. "बघ. आता बोल, येऊ का नको?" ती बाई रडायलाच लागली. म्हणाली, "आत्ये, तू नाय आली तर माज्या पोरीचं लगीन कोन लावनार?" हळदीच्या आदल्या दिवशीपासून आत्याने काही खाल्लं नाही, पिशवी भरू नये म्हणून. आणि हळदीला दोन गाण्यांच्या मध्ये थांबून भरल्या मांडवात म्हणाली, "बायांनो, कोनाला रगत जात आसल तर सांगा. लाजू नका. मी लाजले, माजं काय झालं ते बघताय." पुढच्या आठवड्यात त्या गावच्या तीन बायका माझ्या काउंटरला आल्या. डोळे खाली, पण आल्या.

सगळं गाव तिचं ऐकायचं. एक माणूस सोडून. माझे बाबा! हा माणूस हाताने साप धरतो, जमिनीच्या मोर्चात पोलिसांच्या लाठ्या खाऊन आलेला, पण दुर्बीण म्हटलं की पाचावर धारण. "मला काय धाड भरलीय? दोन भाकऱ्या पचवतो." मी रडून पाहिलं, भांडून पाहिलं, अबोला धरला. वर्ष गेलं. आणि गेल्या पावसाळ्यात आत्याच्या स्कॅनमध्ये यकृतावर डाग दिसले. डॉक्टरबाईने केमो सुरू केली, पण माझ्या नजरेला नजर दिली नाही. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून हमसून हमसून रडले.

भाऊबीजेला बाबा नवी साडी घेऊन बेलपाड्याला आले. आत्या नुसती काठी झाली होती. तिने पाट मांडला होता, ताट तयार होतं, निरांजनात वात होती. बाबा पाटावर बसले. आत्याने काडी पेटवली नाही.

"तपासलंस?"

"करीन गं. आज सणाचं कशाला?"

"मंग ऊठ. मी नाय ओवालत."

बाबांना आधी थट्टा वाटली. मग त्यांचा चेहरा पडला. पासष्ट वर्षांत एक भाऊबीज चुकली नव्हती. "ताई, आसं करू नको. पुढच्या वर्षी..." पुढच्या वर्षी ओवाळायला ती नसेल, हे तिघांनाही माहीत होतं.

"साडी घेऊन जा," आत्या म्हणाली. "मना रिपोट पायजे. बापूस गेला, मी चालले. तू पन चाललास तर ह्या पोरीचं म्हायेर कुठं ऱ्हाईल?" आणि तिने भिंतीकडे तोंड केलं. बाबा कपाळ कोरडं घेऊन पनवेलला परत आले. चौथ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "नंबर लाव."

त्यांच्या आतड्यात दोन मस निघाले. एक वाटाण्याएवढा, एक त्याहून मोठा. तपासणीतच काढून टाकले. रिपोर्ट आला : कॅन्सर नाही, पण ठेवले असते तर व्हायच्या वाटेवर. आम्ही तो घेऊन बेलपाड्याला पोचलो तो एक साधा मंगळवार होता, ना सण ना वार. आत्याला बसवत नव्हतं. मी तिला पाठीमागून धरलं आणि रिपोर्ट मोठ्याने वाचला. तिने दोनदा वाचायला लावला. मग ताट मागितलं. तिचा हात इतका कापत होता की निरांजन बाबांनीच खालून धरलं, आणि तिने भावाला ओवाळलं. बाबा लहान पोरासारखे रडत होते. गाणं म्हणायला तिच्यात दम उरला नव्हता, नुसते ओठ हलत होते.

ताट खाली ठेवलं आणि मान वळवून तिने माझ्याकडे बघितलं. "आता तुजा कवा?"

"पुढच्या महिन्यात," मी म्हटलं. थाप होती. लॅबमध्ये बसून जगाला डब्या वाटणारी मी, मी नंबर लावलाच नव्हता. तिला ते कळलं असणार. "मला भीती वाटते गं आत्या," मी म्हणाले. वाटलं, आता म्हणेल, मी हाय ना. नाही म्हणाली. "घाबर ना. घाबराला कोन नको बोलतंय? मी बी घाबरलेच होते. पन तू सांगून घाबर." त्यानंतर नऊ दिवसांनी ती गेली. गावोगावच्या बायका आल्या होत्या. त्यातल्या एकीलाही गाता आलं नाही.

उद्या सकाळी आठला माझी तपासणी आहे. तिला जाऊन चार महिने झाले. दोनदा नंबर लावला आणि दोनदा रद्द केला, हेही सांगून टाकते. आज दुपारपासून जेवण बंद आहे. सहा वाजता बाबांनी पोट साफ करायची पावडर दोन लिटर पाण्यात कालवली आणि तांब्या पुढ्यात ठेवून बसलेत. खारट, चिकट, ओकारी येईल असं पाणी. "घाबरू नका, काही नसतं," असं मी अठरा वर्षं लोकांना सांगत आलेय. आता कळतंय, किती फुकटचं वाक्य आहे ते. उद्या काय निघेल याची भीती वाटतेय, आणि मी ती बाबांना तशीच्या तशी सांगितली. ते म्हणाले, "मला पण वाटली होती." आणि ग्लास भरून हातात दिला.

पहिला संपला. अजून सात आहेत.