धवलारणीचा नारळ

आमच्या मंडळाच्या बैठकीत मला दोनच कामं असत: चहा किती जणांना ते विचारायचं आणि रांगोळी कोण काढणार ते ठरवायचं. कात्रपच्या शाळेत मी मराठी शिकवायचे. साठ पोरांचा वर्ग माझ्या एका नजरेनं गप्प बसे, पण मंडळातले सात पुरुष काही बसत नसत. म्हणून ९१ सालच्या डिसेंबरात ‘परिसरभूषण’ पुरस्कारासाठी मी चंद्रीचं नाव सुचवलं, तेव्हा पहिली दोन मिनिटं कोणी ऐकलंच नाही.

ऐकल्यावर दिनानाथांनी चष्मा कपाळावर चढवला. दिनानाथ आमचे अध्यक्ष. अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी होते, आणि निवृत्त झाल्यावर सगळी शिस्त घेऊन आमच्या मंडळावर येऊन बसले होते. कार्यक्रमात कोणाला किती मिनिटं ते लिहून काढायचे आणि टेबलावर हातातलं घड्याळ काढून ठेवायचे.

“मालिनीबाई, या चंद्रीबाई करतात काय?”

“लग्नं लावतात.”

“म्हणजे भटजीचं काम?”

“धवलारीण आहे ती. मांडवात बसून धवले गाते. बारवीकडच्या वाड्यांतली लग्नं तिच्या गाण्यानं लागतात.”

“लग्नातली गाणी तर माझी आत्याही म्हणायची,” खजिनदार म्हणाले. “तिलाही देऊ या एक शील्ड.” सगळे हसले.

मला राग आला की माझा आवाज चढत नाही, खाली येतो. पोरांना ते बरोबर कळतं. त्याच आवाजात मी त्यांना सांगितलं, की आमच्या शाळेचा शिपाई धाकलू याच्या मुलीच्या लग्नाला मी चौऱ्याऐंशी साली करंजवाडीला गेले होते. मांडवाच्या खांबाशी एक हडकुळी बाई कासोटा घालून बसली होती. पुढ्यात सूप, सुपात तांदूळ आणि दिवा. तिनं आधी दोन्हीकडच्या माणसांना त्यांच्या आईबापांची, आजे-पणज्यांची नावं विचारून घेतली. मग डोळे मिटून तीन तास गायली. तिनं ओळ म्हणायची आणि मागे उभी असलेली दुसरी बाई ती झेलायची, म्हणजे तीच ओळ उचलून परत म्हणायची. त्या गाण्यात आधी डोंगरातले देव लग्नाला आले. मग घरातली मेलेली माणसं एकेक करून आली, रुसली, त्यांची समजूत काढली, त्यांना पाटावर बसवलं. धाकलूचा बाप नदीत वाहून गेला होता. त्याचं नाव आलं तेव्हा धाकलूची म्हातारी आई उठून पाट सरकवायला गेली. मी पंधरा वर्षं कविता शिकवत होते. घरी आले आणि माझी सगळी टिपणं उचलून कपाटात टाकली.

बैठक दिनानाथांच्या घरी होती. त्यांची बायको माई पोह्यांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात कधीची उभी होती.

“मोरिवलीत माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न गोदू धवलारणीनं लावलं होतं,” ती म्हणाली. “चंद्री तिचीच सून.”

एवढं बोलून तिनं ट्रे ठेवला आणि आत गेली. तिची गोष्ट आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. माई मोरिवलीच्या शिवरामची धाकटी लेक. एकसष्ट साली तिनं ठाण्याला रजिस्टर पद्धतीनं दिनानाथांशी लग्न केलं. जात वेगळी, म्हणून बाप सहीलाही आला नाही. मांडव नाही, हळद नाही. शिवरामनं पुढे मरेपर्यंत लेकीचं नाव काढलं नाही. माईनंही आपली बोली अशी धुऊन काढली होती, की ती मोरिवलीची आहे हे सांगूनही कोणाला पटलं नसतं.

दिनानाथांनी घसा साफ केला आणि चंद्रीचं नाव मंजूर झालं.

मंडळाचा छापील फॉर्म घेऊन मी धाकलूबरोबर करंजवाडीला गेले. चंद्री अंगणात नाचणी पाखडत होती. सून तुळशी चुलीशी. शिक्षण या रकान्यावर चंद्री खूप हसली. गुरूच्या रकान्यात तिनं सासूचं नाव सांगितलं. कार्यक्रमांची संख्या विचारल्यावर मात्र हसली नाही.

“तीनशे बारा मांडव. एक पन मोडला नाय.”

अकरा वर्षं ती गोदूच्या मागे उभी राहून ओळी झेलत होती, तेव्हा कुठे धवला तिच्या तोंडात बसला. घरी बसून शिकायची सोय नाही. धवला मांडवाबाहेर म्हणायचाच नाही.

“देव बोलावला न लगीनच नसला, तं तो बसंल कुठं?” ती म्हणाली.

तुळशी चार वर्षं तिच्या मागे उभी राहिली होती. पण आता लोक लग्नाला उल्हासनगरहून बँड आणत, नाहीतर भोंग्यावर कॅसेट लावत. त्या वर्षी चंद्रीला दोन मांडव मिळाले होते, आदल्या वर्षी तीन. “मांडव नाय तं हिला शिकवू कुठं? माज्या मागं सगला जाईल,” ती म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली. म्हणून मानपत्राच्या कागदाचा तिला मोह होता. भिंतीवर लावला, चार लोकांनी पाहिला, तर पोराबाळांच्या लग्नाला बोलावतील.

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की शाल, नारळ, शील्ड असं सगळं मिळणार आहे.

“लगीन कोनाचा हाय?”

“लग्न नाही. तुम्ही आजवर लावलीत, त्यांचा मान.”

“त्यांचा नारल मना तवाच भेटला. धवला बोल्याबिगार नारल हातात घ्यायचा नाय. सासूनं सांगितलाय.”

झालं. लग्नाशिवाय धवला नाही आणि धवल्याशिवाय नारळ नाही. मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा पत्रिका छापून झाल्या होत्या. दिनानाथांना कोणतीही अडचण बिघडलेल्या मशीनसारखी वाटे. ते म्हणाले, “मग लग्न लावू! नाट्यशाखेतली दोन मुलं नवरा-नवरी होतील. पाच मिनिटं धवला, एक मिनिट सत्कार.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे चुकतंय हे मला त्याच क्षणी कळत होतं. पण तिचं नाव पत्रिकेवर छापलेलं होतं आणि मला ते तिथंच हवं होतं. मी धाकलूबरोबर निरोप पाठवला: लग्न आहे, या. हा खोटेपणा दुसऱ्या कोणाचा नाही, माझा.

मार्चचा पहिला रविवार. संध्याकाळचे पाच. शाळेच्या हॉलमध्ये स्टेजवर केळीचे खांब, आंब्याचे टाळे. एका पेटीवाल्याचा सत्कार झाला, एका मूर्तिकाराचा झाला, दोन्ही वेळेवर. मग चंद्रीचं नाव पुकारलं. ती सूप घेऊन वर आली, मागे तुळशी. पाटावर मुंडावळ्या बांधलेली जोडी बसली होती. पहिल्या रांगेत त्या मुलीचे वडील होते आणि शेजारी डोंबिवलीचा एक मुलगा. त्याच्याशी तिचं खरं लग्न ठरलेलं होतं. होणाऱ्या बायकोचा अभिनय बघायला तो हौसेनं आला होता.

चंद्रीनं दिवा लावला. नवरीला विचारलं, “आज्याचा नाव काय, बाय?” नवरी खुदकन हसली. चंद्रीनं तिचे हात उलटेपालटे करून पाहिले. हळदीचा डाग नाही. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि साठ पोरांना गप्प करणारी माझी नजर खाली गेली.

“नाटक आहे, चंद्रीबाई,” मी म्हणाले. “खोटं खोटं लग्न.”

“पन माजा धवला खोटा नाय ना.” समोर माइक होता, हॉलभर ऐकू गेलं. “मी बोलले तं यांचा लगीन लागला. मंग नाटक बोलून सुटायचा नाय.”

लोक हसले. डोंबिवलीचा मुलगा हसला नाही, तो उभा राहिला. मुलीचे वडील तर “अहो, थांबवा! थांबवा!” करत थेट स्टेजवर चढले आणि लेकीच्या मुंडावळ्या स्वतःच्या हातानं सोडल्या. नवरा मागच्या पडद्यात पळाला.

दिनानाथांनी घड्याळाकडे पाहिलं आणि शाल-नारळाचं तबक उचललं. “गाणं राहू द्या. सत्कार उरकून घेऊ.”

चंद्रीनं दोन्ही हात पाठीमागे नेले. रागानं नव्हे. लहान मूल परक्याकडून खाऊ घेत नाही तसे. “नाय, सायेब.” तिनं दिवा फुंकला नाही, पदरानं शांत केला, आणि तुळशीला सूप उचलायला सांगितलं. तीनशे बारा मांडवांची बाई माझ्या शाळेतून रिकाम्या हातानं निघाली होती, आणि मी माइकपाशी ठोंब्यासारखी उभी होते. मला माझी लाज वाटत होती. पण खरं सांगते, तिचा अभिमानही वाटत होता.

“चंद्री, थांब गो.”

बायकांच्या रांगेतून माई उठली होती. निळी इरकल, हातात पर्स. ती पायऱ्या चढून वर आली.

“माजा लगीन धवल्याबिगार झाला,” ती म्हणाली. “माजा लाव.”

माझ्या उभ्या आयुष्यात मी माईला त्या बोलीत बोलताना ऐकलं नव्हतं. दिनानाथ तबक धरून तसेच उभे. “अगं माई, कार्यक्रम चाललाय—”

“तुमी गप ऱ्हावा. हितं बसा.”

कारखान्यात ज्यांच्या शब्दावर पाळी सुरू व्हायची, ते दिनानाथ मुकाट्यानं पाटावर बसले. चंद्रीनं माईकडे नीट निरखून पाहिलं. मग तीही बसली, दिवा पुन्हा लावला आणि कनवटीची हळदीची पुडी सोडून दोघांच्या गालांना हळद लावली.

“बापाचा नाव?”

“शिवराम.” एकतीस वर्षांनी माईनं ते चारचौघांत घेतलं असावं.

“हाय?”

“नाय. गेला.”

“गेला तरी येतो. आयशीचा?”

“राजाबाई. ती पन गेली.”

चंद्रीनं डोळे मिटले आणि सुरू केलं. आधी हलकं, पुटपुटल्यासारखं. मग डोंगरातले देव आले, वेशीवरचे आले. दिनानाथांचे आईबाप आले, त्यांना पाट मिळाला. राजाबाई आली, लेकीच्या केसांवरून हात फिरवून गेली. तुळशी मागे उभी राहून प्रत्येक ओळ झेलत होती. कुठे अडखळली की चंद्री सुपावर बोटानं ठोका देऊन तिला सावरून घेई. पाच मिनिटं झाली, पंचवीस झाली. टेबलावरच्या घड्याळाकडे कोणी पाहत नव्हतं. बाहेरचे रिक्षावाले आत येऊन भिंतीशी उभे राहिले. खजिनदार, ज्यांची आत्यासुद्धा असली गाणी म्हणायची, ते नाक पुसत होते. मग चंद्रीचा आवाज चढला.

“मांडवाचे दारी कोन गो उभा?
शिवराम बाप उभा, शिवराम बाप.
ये ना रं बाबा, पाट तुजा मांडला,
लेकीचे लग्नाला उशीर नाय झाला.”

तुळशीनं शेवटची ओळ उचलली. या वेळी अडखळली नाही, ठोका लागला नाही. “उशीर नाय झाला,” ती एकटी म्हणत राहिली, आणि चंद्री पहिल्यांदाच गप्प बसून ऐकत होती. माई हॉलच्या दाराकडे बघून रडत होती. दिनानाथांनी सगळ्यांसमोर तिचा हात धरला. इतकी वर्षं आम्ही त्यांना ओळखत होतो, असा हात धरलेला कोणी पाहिला नव्हता.

धवला एक तास दहा मिनिटं चालला. संपला तेव्हा टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणाला कळेना. लग्नात कोणी टाळ्या वाजवतं का? शेवटी मागून कोणीतरी अक्षता म्हणून रांगोळीच्या ताटातली फुलं उधळली.

“आता लागला ना?” माईनं विचारलं.

“लागला. आता जा घरी.”

दिनानाथ उठले. गालावर हळद तशीच. त्यांनी तबक घेतलं आणि वाकून चंद्रीसमोर धरलं. मानपत्र वाचायचं राहिलं, शील्ड टेबलावरच राहिली. चंद्रीनं नारळ दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, स्टेजच्या पायरीवर आपटून फोडला आणि त्यातली एक वाटी तुळशीच्या ओंजळीत ठेवली. झेलणारीला नारळातला वाटा असतो, पण तो ओळी नीट झेलल्या तरच. तुळशीला चार वर्षांत तो पहिल्यांदा मिळाला, हे मला धाकलूनं नंतर सांगितलं.

मानपत्र मी वाचणार होते, त्याला जोडलेला चंद्रीचा फॉर्म माझ्या हातातच होता. चंद्री जाताना माझ्यापाशी थांबली. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तिला त्याच्यात काही रस नव्हता. तिनं बोटानं कागद दाखवला.

“मास्तरीनबाय, तुमचे कागदावर एक वाढवा.”

मी तिथंच, सगळ्यांसमोर, तीनशे बारा खोडून तीनशे तेरा केलं.