उजव्या बाजूची अक्षरं

मशीनमधून कापलेली शीट बाहेर आली की बाई आधी ती उलटी करायच्या. तुम्ही-मी सुलट बाजू बघू, कारण अक्षरं तिकडे असतात. बाई मागचा पांढरा कागद दाराच्या उजेडाकडे धरायच्या, त्यावरून अंगठ्याचं नख हळूच ओढायच्या आणि मग निकाल द्यायच्या.

“पाठ पाहा जी. ब्लेड जास्त उतरून राह्यलं.”

नाहीतर, “पाठ कोरी हाय. वरवरच कापलं.”

गोंदियात कुडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं रेडियमचं दुकान आहे. गाड्यांचे नंबर, दुकानांच्या काचांवरची नावं, दवाखान्यांच्या वेळा, असली कामं. रंगीत चिकट शीट मशीनमध्ये घालायची, संगणकावरून अक्षरं पाठवायची आणि मशीनचं टाचणीच्या टोकाएवढं ब्लेड ती कापत जातं. वरची शीट कापली गेली पाहिजे, खालच्या कागदाला धक्का लागता कामा नये. मग अक्षरांच्या अवतीभवतीची फालतू शीट सोलून काढायची. या सोलण्याला बाई ‘निंदण’ म्हणायच्या. धानाच्या बांधीत जसं धान ठेवून गवत उपटतात, तसं. बाहेरून मी फोन करून विचारलं, बाई काय करताय, तर उत्तर यायचं, “तुमच्या डॉक्टरले निंदून राह्यली.”

त्या मूळच्या माझ्याकडे झाडझूड करायला आणि हे निंदण काढायला आल्या. पन्नाशीच्या असतील. सालेकशाकडच्या एका गावाहून सकाळच्या गाडीने यायच्या, स्टेशनवरून ऑटोने दुकानात. त्याआधी त्यांचं अर्धं आयुष्य बिड्या वळण्यात गेलं होतं. तेंदूच्या पानावर पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं आणि टोक नखाने आत दाबायचं. गावातलं बिडीचं काम बंद पडलं, नख तेवढं राहिलं. त्या नखाला कागदाच्या जाडीतला असा फरक कळायचा, की तो मला चष्मा लावूनही दिसत नसे.

मशीन चालवायला त्यांना मी शिकवलं, असं मी लोकांना सांगत असे. खरं तर त्या बघून बघून शिकल्या. मशीनच्या छोट्या पडद्यावरची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. कोणतं बटण काय करतं, ते जागेवरून ठाऊक. एकदा मी जेवायला घरी गेलो असताना ब्लेड अडखळायला लागलं, तर त्यांनी ते काढलं, टोकाला चिकटलेला शीटचा बारीक धागा सुईने सोडवला, परत बसवलं आणि काम पूर्ण केलं. मी आलो तर म्हणाल्या, “त्याच्या दातात अटकलं होतं.”

गिऱ्हाइकांशीही त्या तशाच रोखठोक. एक तरणा गडी मोटारसायकल घेऊन आला. त्याला नंबर प्लेटवर मोठ्या अक्षरात ‘राजे’ हवं होतं. बाईंनी प्लेट हातात घेऊन मापली. “मंग नंबर कुठी लिहाचा जी? खिशात?” तो हसला आणि नुसता नंबर लावून घेऊन गेला. मी मात्र चिडलो, कारण ‘राजे’चं काम गेलं. असा मी.

आता ते सांगतो, ज्यासाठी लिहायला बसलो.

बाईंच्या गावात अकरा बायकांचा बचत गट होता. मोहफुलाचे लाडू करून विकायचे. ग्रामपंचायतीने त्यांना एक खोली दिली. खोलीवर गटाच्या नावाची आणि सगळ्या अकरा जणींच्या नावांची पाटी लावायची असं ठरलं. काम अर्थातच बाईंनी माझ्या दुकानात आणलं. खोली उघडायच्या आदल्या दिवशी गटातल्या तिघी त्यांच्याबरोबर सकाळच्या गाडीने आल्या. दुपारच्या गाडीने पाटी घेऊन परत जायचं होतं. तिघी ठेवणीतल्या साड्या नेसून बाकावर ओळीने बसल्या. यातल्या दोघींनी आपलं नाव मोठ्या अक्षरात कुठे लिहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

नावं दोन रांगांत मांडली होती, डावीकडे सहा, उजवीकडे पाच. उजवीकडे सगळ्यात खाली बाईंचं नाव. शीट कापून बाहेर आली. बाईंनी ती उलटी केली, नख ओढलं, परत एकदा ओढलं. सोलायला घेतली तर डावी रांग स्वच्छ निघाली. उजव्या रांगेतली अक्षरं फाटायला लागली. कुठे वेलांटी उचलून आली, कुठे ‘ण’ची काठी अर्धी राहिली. काही ठिकाणी कापच नाही, काही ठिकाणी ब्लेड थेट खालच्या कागदातून पार.

बाईंनी ब्लेड काढून साफ केलं. दुसरी शीट लावली. उजवी बाजू तशीच. नवीन ब्लेड घातलं, दाब कमी केला, मशीनचा वेग कमी केला, शीट सरळ धरली गेली आहे का ते रोलर उचलून पाहिलं. तिसरी शीट. उजवी बाजू परत तशीच.

एव्हाना दुकानात गर्दी झाली होती. एका गाड्यांच्या शोरूमचा माणूस उभ्या उभ्या घड्याळ बघत होता. तो म्हणाला, “भैया, आज हो पाएगा कि नहीं? नहीं तो मार्केट में करा लेता हूँ।”

आणि मी ओरडलो. त्याच्यावर नाही, बाईंवर.

“बिड्या वळणाऱ्या हातात मशीन दिली, माझीच चूक झाली! दिसत नसेल तर तसं सांगायचं आणि घरी बसायचं!”

मी हे किती मोठ्याने म्हणालो, ते मला समोरच्या पंक्चरवाल्याने मान वळवली तेव्हा कळलं. बाकावरच्या तिघींनी एकदम खाली पाहिलं. त्यांनीही बिड्याच वळल्या होत्या. एकीने आपले हात पदराखाली घेतले. ते मी पाहिलं.

बाई एवढंच म्हणाल्या, “थांबा जी जरा.”

शीटचा एक उरलेला लांब पट्टा त्यांनी मशीनमध्ये घातला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच लहान चौकोन कापले. एकेक नखाने उचलला. चार अलगद निघाले. उजवीकडचा एक फाटला. ब्लेड बिघडलं असतं, तर पाचही बिघडले असते. म्हणजे दोष ब्लेडमध्ये नव्हता, त्याच्या खाली होता. त्यांनी मशीन बंद केली, वाकल्या आणि ब्लेड ज्या पांढऱ्या पट्टीवरून धावतं, तिच्यावरून अंगठ्याचं नख डावीकडून उजवीकडे नेलं. एका जागी नख अडकलं.

पट्टीवर तिथे खोल चीर पडलेली होती आणि चिरेची कड वर आली होती. ब्लेड तिथे आलं की कधी उचललं जायचं, कधी आत घुसायचं.

ती चीर मी पाडली होती. दोन दिवसांपूर्वी बाई एका लग्नाला गेल्या होत्या. मी एकटाच होतो. ट्रॉलीच्या मागे लावायची जाड चमकणारी शीट कापत होतो. ती फुगून अडकली. मशीनमधून बाहेर काढायचा कंटाळा केला आणि हातातल्या कटरने तिथल्या तिथे, मशीनवरच कापली. खर्र असा आवाज झालेला मला आठवतो. मी वाकून पाहिलंही होतं. चिरेवरून बोट फिरवलं आणि एवढ्याने काय होतं, असं म्हणून सोडून दिलं.

बाई वाकलेल्याच होत्या. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कुणाला दाराशी उभं पाहून आपण आत येण्याची वाट बघतो, तसं काहीसं. ‘परवा माझ्याच हातून कटर लागला.’ पाच शब्द होते. शोरूमचा माणूस समोर होता, तिघी समोर होत्या. मी संगणकाच्या पडद्याकडे बघायला लागलो आणि उगाच माउस हलवत राहिलो.

बाई सरळ झाल्या. तिघींना म्हणाल्या, “माझ्याच ध्यानात उशिरा आलं वो. होते आता.”

मग त्यांनी शीट डावीकडे सरकवून लावली, चिरेच्या वाटेत काही येणार नाही अशी, आणि गटाचं नाव व दोन्ही रांगा वेगवेगळ्या कापल्या. भराभर निंदल्या. पाटीवर नावं चिकटवताना सगळ्यांची आधी लावली, आपलं शेवटी. कुठे बुडबुडा राहू दिला नाही. चौघी पाटी जुन्या चादरीत गुंडाळून ऑटोत बसल्या. जाताना तिघींपैकी एकीने मला हात जोडले. मीही जोडले.

नवीन पट्टी यायला चार दिवस लागले. ती बाईंनीच बसवली. जुनी हातात धरून म्हणाल्या, “हे ब्लेडचं काम नोहे जी. हातच्या कटरचं हाय.”

मी म्हणालो, “असेल.”

“मले तवाच समजलं होतं.”

“मग बोलल्या का नाहीत?”

“तुमी बोलाल म्हणून थांबली होती.” आणि थोड्या वेळाने, “काऊन नाही बोलले, भाऊ?”

“ध्यानातून गेलं होतं,” मी म्हणालो. हे खोटं होतं आणि ते खोटं आहे हे दोघांनाही माहीत होतं. त्या “हं” म्हणाल्या आणि जुनी पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकून आल्या.

त्यानंतर काही महिने त्या येत होत्या. कामात कसूर नाही. शीट उलटी करायच्या, नख ओढायच्या. निकाल मात्र मोठ्याने द्यायचं बंद झालं. दाब कमी-जास्त करायचा असला तर स्वतःच करून मोकळ्या व्हायच्या. गिऱ्हाइकांना टोकणंही थांबलं. ‘राजे’ म्हणा, ‘बादशाह’ म्हणा, जे मागेल ते कापून द्यायच्या. माझी कामं वाढली, आणि दुकानात बसणं मला जड जायला लागलं. पण बोललो नाही. रोज सकाळी ठरवायचो की आज बोलू, आणि कोणीतरी गिऱ्हाईक यायचं. खरं सांगतो, कोणी यावं म्हणून मी रस्त्याकडे बघत असे.

मग त्यांच्या मुलीचं बाळंतपण आलं. मुलगी दुर्गला दिलेली. महिनाभराने येते म्हणून गेल्या. महिन्याने आल्या नाहीत, तिसऱ्या महिन्यातही नाहीत. जावई म्हणाला होता म्हणे की आता इथेच राहा.

मध्यंतरी गटाने लाडवांच्या डब्यांसाठी नावाच्या चिकटपट्ट्या मागवल्या. त्या द्यायला मी स्वतः मोटारसायकलने गेलो. खोलीच्या दाराशी पाटी होती. बायकांनी खुर्ची दिली, चहा दिला, बशीत दोन लाडू ठेवले. त्या दिवशी मला हात जोडणारी ती बाई, वयाने सगळ्यात मोठी, इतरांना माझी ओळख करून देत म्हणाली, “हेच ते भाऊ. तिच्या हातून एवढं बिघडलं, तरी कामावरून काढलं नाही तिले. मोठं मन लागते त्याले.”

मी चहा प्यालो. लाडूही खाल्ला. सगळ्या माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या आणि मी ते कौतुक घेतलं. उठलो, गाडीला किक मारली आणि निघालो.

रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, कोळशाची, संपता संपेना. तिथे उभं असताना त्या लाडवाची गोड चव अजून तोंडात होती. फाटक उघडल्यावर माझ्या मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले. मी गाडी वळवली.

परत खोलीत जाऊन उभ्या उभ्याच सांगितलं. चीर कशी पडली, मला कशी ठाऊक होती, आणि तरी मी बाईंवर कसा ओरडलो. ते वाक्य मी परत उच्चारलं नाही, त्यांना ते पाठ होतं. एक जण लाडू वळत होती, ती थांबली. शेवटी ती मोठी बाई म्हणाली, “हे त्याच दिशी बोलाचं होतं जी. गाडीत आमी तिले म्हणलं, जाऊ दे, माणसाच्या हातून चुकते. तिनं सालेकसा येईपर्यंत खिडकीकडचं तोंड फिरवलं नाही.”

म्हणजे त्यांनी बाईंचं सांत्वन केलं होतं, बाईंनी न केलेल्या चुकीबद्दल.

त्याच दिवशी, दुकानात परत येऊन, मी दुर्गला फोन लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली. मग बाईंचा आवाज आला, “कोण जी?”

मी नाव सांगितलं. म्हणालो, बाई, तुम्हाला एक सांगायचं होतं, त्या दिवशीचं.

“हळू बोला जी,” त्या म्हणाल्या. “लेकरू आत्ताच झोपलं.”

मी हळू बोललो. सगळं सांगितलं, गावात जाऊन आलो तेही. इतकं हळू, की त्यातलं त्यांना किती ऐकू गेलं, मला आजही माहीत नाही. माझं संपल्यावर पलीकडे पाळण्याची कडी थोडा वेळ कुरकुरत राहिली.

“बरं जी,” बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.