गोदानं प्लास्टर सारवलं

माझी बायको गोदा गेली तेव्हा मी चिखलीच्या बाजारात वांगी विकत होतो. शेजारचा महादू सायकलवर आला आणि म्हणाला, "आबा, दुकान गुंडाळा, घरी चला." वांगी तिथंच टाकून मी त्याच्या सायकलवर मागं बसलो. त्याला आता महिना उलटला. मी चौथी शिकलेला, गोड लिहिणं मला येत नाही. ती तोंडाळ होती आणि माझ्याहून हट्टी. होती तशी लिहितो.

आमची नात शेवंता लहान असताना बैलगाडीवरून पडली, नडगीचं हाड मोडलं. बुलढाण्याच्या दवाखान्यात मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. सुनेच्या अंगावर तान्हं, म्हणून पोरीजवळ गोदा राहिली. खाटेखाली सतरंजी टाकून झोपायची, भाकरी कुस्करून भरवायची. पोरीचा पाय आतून खाजला की म्हणायची, "थांब वं बाई, आत मुंगळा निजला, त्याले उठवू नको." एक दिवस मी डबा घेऊन गेलो, तर नर्सबाई कपाळाला हात लावून उभी. प्लास्टर मळलं म्हणून गोदानं पांढरी माती कालवून ते सारवलं होतं! ओलं होऊन पार पिलपिलं. "आजी, हे काय करून ठेवलं?" "भित मळली का आमी सारवतोच की बाई. उद्या पाडवा, लेकरू मळक्या पायानं काऊन ठेवू?" डॉक्टर आधी ओरडला, मग हसला, आणि नवीन प्लास्टर घातलं. गोदा मात्र त्या दिवशी जेवली नाही. मला म्हणाली, "माह्या हातानं पोरगी लंगडी झाली तं?" मी म्हटलं, "काही होत नाही वं." मला तरी कुठं ठाऊक होतं...

उन्हाळ्यात प्लास्टर निघालं. पाय तुराटीसारखा बारीक. डॉक्टर म्हणाला, हाड जुळलं, आता चालवा. पण पोरगी पाय टेकेना, कडेवरून उतरवली की भोकाड. तेव्हा गोदानं अंगणात खाटेवर कुरडया वाळत घातल्या, शेवंताला ओट्यावर बसवलं आणि सांगितलं, "कोंबड्या राख." पोरगी बसल्या जागेवरून हाड् हाड् करी, कोंबड्या कशाला ऐकतात! मी हाकलायला उठलो तर गोदा माझ्यावरच धावली, "बसा गुमान! तुमाले नाही सांगतलं." मी म्हटलं, "कोंबड्या लठ्ठ होऊन राह्यल्या, पोरगी तशीच." "होऊ द्या," म्हणे. अन एका सकाळी कोंबडा पार खाटेवर चढून कुरडयांत फिरायला लागला, तशी शेवंता भिंत धरून उतरली आणि शिव्या देत त्याच्या मागं... तीन-चार पावलं. गोदानं हाक मारली नाही, की धावली नाही. तोंडात पदर कोंबून चुलीपुढं बसून राहिली.

पोरीचा पाय अजून थोडा ओढतो. शाळेतून येते तेव्हा गल्लीत त्याचा वेगळाच आवाज होतो. गोदा भाकरी थापता थापता, वर न बघता म्हणायची, "आली." ती गेल्यापासून घरात हे कोणी म्हणेना. परवा तो पाय वाजला. मी चुलीकडं पाहिलं, जरा थांबलो... आणि माझ्याच तोंडून निघालं, "आली."

शेवंता दारात थबकली. मग दप्तर टाकून म्हणाली, "हाव आबा, आली. भूक लागली."