ब्राह्मणपुरीच्या घरघंटीचा पंचनामा

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, मौजे ब्राह्मणपुरी येथील एका स्वयंपाकघरात घरगुती पिठाची गिरणी दोन महिन्यांत तिसऱ्यांदा बंद पडली असून, घटनास्थळी पंचनाम्यासाठी मी, रफिक मिस्त्री, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन गुडघ्यावर बसलो होतो.

मी शहाद्याच्या एका शोरूमचा सर्व्हिस टेक्निशियन. माझे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. मी टीव्हीपासून सुरुवात केली, मग मिक्सर, कूलर, वॉशिंग मशीन, आणि आता घरघंटी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कपाटाएवढं यंत्र, वरून धान्य टाकायचं, खालच्या डब्यात पीठ पडतं. आत दगड नसतो. पोलादी पाती धान्य फोडतात आणि पीठ एका बारीक जाळीतून खाली येतं. आजीच्या पिढीने जातं ओढलं, आईच्या पिढीने डोक्यावर डबा घेऊन गिरणी गाठली, आणि आता बटण दाबलं की झालं. निदान जाहिरातीत तरी.

मशीन कल्पनाताईंनी घेतलं होतं. त्या आरोग्य उपकेंद्रात नर्स, पगार स्वतःचा, निर्णयही स्वतःचा. आधी दिवसभर ड्यूटी करून संध्याकाळी गावच्या गिरणीवर जायचं, लाइट असेल तर रांगेत उभं राहायचं, नसेल तर लाइटची वाट बघत उभं राहायचं. त्या रांगेतून त्यांना सुटका हवी होती.

विरोधी पक्षनेत्या होत्या त्यांच्या सासूबाई. सगळं गाव त्यांना जिजी म्हणतं. मी जाळी काढत होतो आणि जिजी दारात उभ्या राहून भाष्य करत होत्या.

"मी पहिलेच सांगं व्हतं, भाऊ. यंत्रनं पीठ! ती भाकर नही, पुठ्ठा शे पुठ्ठा."

"तुम्ही दळता का यात, जिजी?"

"मी? हात बी लावत नही मी त्याले!"

जाळी बाहेर आली आणि मी शीळ घातली. नवी कोरी जाळी, तीन आठवड्यांपूर्वी मीच बसवलेली, तांबूस गंजलेली होती. भोकांत पीठ चिकटून दगड झालेलं. जाळी बंद झाली की पीठ आत तुंबतं, मोटर तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बंद पडते. याला आम्ही ट्रिप होणं म्हणतो. ट्रिप का झाली ते कळलं. गंज कुठून आला ते कळेना.

"ओलं धान्य टाकलंत?"

"नाही हो," कल्पनाताई म्हणाल्या. "गहू आणि बाजरी. दोन्ही उन्हात वाळवून."

तेवढ्यात शेठचा फोन आला. शेठ म्हणजे शोरूमचे मालक.

"रफिक, तिसरी कंप्लेंट आहे. कस्टमरची चूक निघाली तर वॉरंटी कॅन्सल. मशीन उचल आणि घेऊन ये. मला रोजचे फोन नकोत."

फोन स्पीकरवर होता. कल्पनाताईंचा चेहरा उतरला. मशीन गेलं की त्या पुन्हा रांगेत.

आता माझ्या धंद्यातली एक गुप्त चाचणी सांगतो, कोणत्याही मॅन्युअलमध्ये नाही. मी कोपऱ्यातलं पीठ बोटावर घेतलं आणि चाटलं.

खारट!

पीठ जरा काळपटही होतं. आणि खारट काळपट पीठ म्हणजे काय, हे खान्देशात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. कळणा! आमच्या बोलीत कयना. ज्वारी, सालासकट काळे उडीद आणि त्यातच खडेमीठ, सगळं एकत्र दळायचं. दगडी जात्याला मिठाचं काही वाटत नाही. पण पोलादी जाळीत मीठ बसलं की हवेतला ओलावा ओढतं, आणि मग गंज.

मी वर पाहिलं. जिजी एकाएकी छताचे पत्रे मोजू लागल्या होत्या.

थेट आरोप करणं माझ्या स्वभावात नाही. त्यात मजा येत नाही. मी उठलो, हात झटकले आणि न्यायाधीशाच्या आवाजात म्हणालो, "जिजींचंच खरं. या घराला यंत्र मानवत नाही. मशीन मी घेऊन जातो. जिजी सुटल्या, शेठ सुटले, मीही सुटलो."

मशीनला खाली चाकं असतात. मी ते दाराकडे ढकलू लागलो. एक फूट. दोन फूट. कल्पनाताई काही बोलायला गेल्या, मी डोळ्यांनी थांबवलं. उंबऱ्याशी आलो, तेव्हा जिजी मशीनच्या आडव्या आल्या.

"थांब रे भाऊ! परवा मन्हा व्याही ई ऱ्हायनात! कयना दयाना बाकी शे!"

व्याही परवा येणार होते आणि त्यांच्यासाठी कळणा दळायचा राहिला होता. मग कबुलीजबाब झाला. सून ड्यूटीवर गेली की दुपारी जिजी कळणा दळायच्या. आधी घरचा, मग शेजारच्या दोघींचा. नंतर मशीन पुसून लख्ख करायच्या आणि संध्याकाळी त्याच मशीनला शिव्या द्यायच्या.

"तरीच!" कल्पनाताईंना हसू आवरेना. "मी म्हनू, मशीन रोज पुसेल कशी दिसस!"

मी उपाय सांगितला. कळणा खुशाल दळा, फक्त मीठ वगळून. मीठ भाकरीचं पीठ मळताना घाला. जिजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भाकरीत साखर घालायला सांगितली.

"वरतून मीठ? त्याले चव काय येई? मन्ही सासू दयनमाच टाके, तिन्ही सासू बी दयनमाच टाके."

"त्यांच्याकडे जाळी नव्हती, जिजी."

बराच वाद झाला. शेवटी जिजींनी अट घातली. मी नवी जाळी बसवायची, बिनमिठाचा कळणा दळायचा आणि भाकर तात्यांना द्यायची. तात्या म्हणजे जिजींचे यजमान, बाहेर खाटेवर बसलेले, या सगळ्या महाभारतापासून अलिप्त. चाळीस वर्षं जिजींच्या हातचं मुकाट खाणारा माणूस. त्यांना फरक कळला तर जुनीच पद्धत चालणार, म्हणजे जाळी पुन्हा गंजणार आणि मशीन शहाद्याला जाणार.

गंजलेली जाळी वॉरंटीत बसत नाही. ती कल्पनाताईंनी विकत घेतली. शेठना फोन करून सांगितलं, मशीन सुरू झालंय.

"कारण काय लिहिलंस फॉर्मवर?"

"स्थानिक परंपरा."

शेठनी फोन ठेवला.

मशीन सुरळीत फिरलं. जिजींनी पीठ मळताना चिमटीने मीठ घातलं आणि तेही माझ्यावर उपकार केल्यासारखं. भाकर तव्यावर फुगली. ताटात भाकर, मिरचीचा ठेचा, कांदा. तात्यांना कुणी काही सांगितलं नाही. आम्ही तिघं दारात उभे राहून त्यांच्या जबड्याकडे बघत होतो. कल्पनाताईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं होतं.

तीस वर्षांच्या नोकरीत मी एवढंच शिकलो आहे. यंत्र बिघडलं की यंत्राला दोन प्रश्न विचारावेत आणि स्वयंपाकघराला दहा. ग्राहक सहसा खोटं बोलत नाही, फक्त दुपारचं सांगायचं विसरतो.

तात्यांनी पहिली भाकर संपवली. दुसरी मागितली. असं ते कधी करत नाहीत, हे मला जिजींच्या चेहऱ्यावरून कळलं. दुसऱ्या भाकरीचा घास तोंडात असतानाच, कुणी विचारलं नसताना, तात्या मोठ्यांदा बोलून गेले:

"चाळीस वरीसमा आज पहिल्यांदा मीठ बराबर पडनं!"