सुतळीवरची ढिली गाठ

"टाचा भितीले लाव वं. मान वर!"

नवी मुलगी वसतिगृहात आली की वसतिगृह चालवणाऱ्या बाई तिला आधी स्वयंपाकघराच्या भिंतीशी उभी करायच्या. डोक्यावर तळहात ठेवून खिळ्याने रेघ ओढायच्या, मग तिला जेवायला वाढ म्हणून मला सांगायच्या.

वाढणारी मी. चौथी शिकलेली, खालमानेची.

तुम्ही मंगरूळपीरची ती इमारत पाहिली असेल, तर आधी तिथे सरकीचं गोदाम होतं हे तुम्हाला पटायचं नाही. जाड मातीच्या भिंती आणि पार वर हातभर झरोके, एवढंच होतं. बाईंनी बसल्या जागी रस्ता दिसेल अशा सहा खिडक्या पाडायला लावल्या. कमिटीतले एक म्हातारे पाटील रागावले.

"रस्त्याकडं खिडक्या कायले, बाई? पोरी बाहीर पायतीन."

"पायतीनच. सरकीची पोती हायेत काय त्या?"

गवंडी तोंड फिरवून हसला.

दिवाळीआधी मी सगळ्या भिंती पांढऱ्या मातीने पोतारायची. रेघा बुजायच्या. म्हणून बाईंनी प्रत्येक रेघेच्या उंचीवर एक गाठ सुतळीवर मारून ठेवलेली. पोतारा वाळला की सुतळी भिंतीतल्या वरच्या खिळ्याला अडकवून त्या रेघा पुन्हा ओढायच्या. "हे शेलूबाजारची, मास्तरीण झाली. हे शिरपूरची, लय रडे."

एकदा मलाही उभं केलं.

"मले काहून, बाई? मी का शिकून राह्यली?"

मान काही वर झाली नाही. बाईंनी तेवढ्यावरच रेघ ओढली. "तुही गाठ ढिली ठेवतो. मान वर करशीन तवा सोडून वर बांधू."

मग बाई पोटाच्या दुखण्याने अकोल्याला दवाखान्यात गेल्या. "दिवाळीले येतो," म्हणाल्या. त्यांना घर उजळ दिसावं म्हणून कुणी न सांगता मी सगळं पोतारून काढलं. रेघांच्या भिंतीला तर दोन हात दिले.

बाई आल्या नाहीत. त्या गेल्याचा निरोप आला.

जुन्या मुली भेटायला आल्या. एकीने कोऱ्या भिंतीवरून हात फिरवला. "मावशी, माही रेघ कोठी हाय?" मी सुतळी पुढे केली. कोणती गाठ कोणाची, ते बाईंनाच ठाऊक होतं. मी पोतारायला चार दिवस थांबले असते तर!

मला एकच गाठ ओळखू येते, माझी ढिली. परवा सुतळी खिळ्याला अडकवली, टाचा भिंतीला लावल्या, मान वर केली. गाठ चार बोटं खाली राहिली. डोक्यावर हात ठेवायला कोणी नव्हतं.

मी ती सोडली नाही.