ढावलो आणि उडता पंखा

आमच्या तांड्यातल्या मुलींना रडायला लालीबाई शिकवते. हसू नका. बंजाऱ्यांच्या लग्नात नवरी सासरी निघताना ढावलो म्हणते, म्हणजे बापाच्या, भावाच्या, आईच्या गळ्यात पडून गाण्यातून रडते, आणि ते आपोआप येत नाही. दारव्ह्याजवळच्या या तांड्यात मी अंगणवाडी चालवते. माझ्या डोळ्यांदेखत लालीबाईनं कितीतरी पोरी रडवून सासरी धाडल्या. चाल ती शिकवते, पण शेवटची ओळ मुलीची स्वतःची हवी, हा तिचा दंडक. उसनं रडणं तिला चालत नाही.

अशा बाईची स्वतःची लेक ममता मात्र कोरडी ठणठणीत! यवतमाळला दवाखान्यात नोकरी, घरी यायची ती फक्त रविवारी. लग्न तोंडावर आलेलं आणि ढावलो काही जमेना. लालीबाईची पोरगी मुक्यानं सासरी गेली, असं तांडा म्हणेल, याचा लालीबाईनं घोर घेतला होता.

त्यात तो पंखा. नागपूरच्या काही हौशी मंडळींनी टेकडीपलीकडचं पडीक वावर भाड्यानं घेतलं होतं. पाठीवर इंजिनाचा पंखा, डोक्यावर रंगीत छत्री, की निघाले आभाळात, तेही नेमके रविवारी सकाळी. शेळ्या दावी तोडायच्या, पाळण्यातली पोरं दचकून उठायची. ममता पहिली ओळ उचलते न उचलते तोच डोक्यावर घर्रर्र! मायलेकी तोंड मिटून वर बघत बसायच्या. मला तर गोफण घ्यावीशी वाटायची.

एका रविवारी लालीबाई भांडायला म्हणून मला घेऊन त्या वावरात गेली आणि भांडण विसरून पंखाच चाचपू लागली. "बाबू, वरून आमचं घर दिसते काय? मिरच्या वाळू घातल्या, त्या बी?"

अमर नावाचा उडणारा हसत म्हणाला, "दिसतात ना, मावशी."

"अन् ऐकू काय येते?"

"इंजिन चालू असलं की दुसरं काहीच नाही."

"मंग आमाले काहून ऐकवता? पोरीचा ढावलो राहून राह्यला न!"

ढावलो म्हणजे काय हे त्यानं विचारलं नाही. "थोडाच वेळ असतो आम्ही तुमच्या डोक्यावर," एवढं म्हणाला. माझा असा संताप झाला म्हणता!

पुढच्या रविवारी तो उडत उडत तांड्याच्या वर आला आणि वाऱ्यावर नुसतं तरंगावं म्हणून त्यानं इंजिन बंद केलं. खाली ममता आईच्या गळ्यात पडून सराव करत होती. थोड्या वेळानं अमर पडल्या चेहऱ्यानं, टोपी हातात धरून अंगणात हजर.

"मावशी, कोण वारलं? आम्ही आज उडणं थांबवलंय."

मला हसू आवरेना. लालीबाई हसली नाही. तिला भलतंच कुतूहल. "तुले वरून आमचं रडनं ऐकू आलं?"

"सगळं आलं. कुत्र्याचं भुंकणंसुद्धा."

"कोनी नाई मेलं, बाबू. पोरीचं लगीन हाय. ते रडनं शिकून राह्यली."

मग त्यानं लग्नाचा दिवस विचारला, आणि तोवर एकाही रविवारी पंखा उडाला नाही.

लग्नाला लालीबाईनं त्याला आग्रहानं बोलावलं. निघताना ममतानं बापाचा ढावलो म्हटला, भावाचा म्हटला, शेवटी आईच्या गळ्यात पडली आणि अडली. मग गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, तिची स्वतःची ओळ आली, आणि लालीबाई सगळ्या चाली विसरून साधी, हमसून हमसून रडली.

"काय म्हणाली ती?" जेवणाचं ताट हातात धरून उभ्या अमरनं मला विचारलं.

माझेही डोळे वाहत होते. मी सांगितलं, "ती म्हणते, वरून उडणाऱ्या भावा, माझ्या सासरावरून जाशील तेव्हा मशीन बंद कर. मी हसते की रडते ते ऐक, आणि माझ्या आईला सांग."

त्यानं ताट खाली ठेवलं. "सासर कुठलं?"

"नेरजवळचा तांडा."

"तिथवर तेल पुरत नाही हो आमच्या पंख्यात," तो म्हणाला. "मी मोटारसायकलनं जाऊन येईन."